मासा, गळ आणि नदीचे पाणी

मासा पकडावा, त्याचे वजन-माप घ्यावे आणि तो पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, असा एखाद्याचा छंद आहे हे पूर्णाकाठच्या भोयाला सांगितले तर तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. रात्री लावलेले जाळे पहाटे ओढून, हाती आलेल्या चार वामा आणि दोन मरळ बाजारात विकून ज्याचे घर चालते, त्याला हा भरल्या पोटीचा चाळा वाटला तर त्यात नवल नाही. परंतु गेल्या शतकभरात नदीत मासा राहावा, आणि माशासाठी नदीत पाणी राहावे, म्हणून सरकारे, वीज कंपन्या आणि पाटबंधारे खाती यांच्याशी जे झगडे झाले, त्यांतील पुष्कळ झगड्यांच्या मुळाशी हा चाळाच होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्या वस्तूला बाजारात भाव नाही ती वस्तू सार्वजनिक हिशेबात शून्य धरली जाते. वाहत्या नदीला बाजारभाव नसतो. मग तिच्या बाजूने बोलणार कोण?

अमेरिका व कॅनडा यांच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. तेथे ‘स्टीलहेड’ नावाचा मासा आहे. थंड पाण्यातला इंद्रधनुषी ट्राउट म्हणून जो ओळखला जातो, त्याचीच ही समुद्रयात्री शाखा. हा नदीच्या वरच्या अंगाला, खडीच्या तळावर जन्मतो. एक ते तीन वर्षे गोड्या पाण्यात काढून प्रशांत महासागरात उतरतो. तेथे दोन-तीन वर्षे पोसला जाऊन, पोलादी निळसर पाठ घेऊन, जन्मल्या नदीत परत येतो. त्याच पाण्यातले सामन मासे अंडी घालून मरतात. स्टीलहेडपैकी काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा नदी चढतात. परतीच्या या प्रवासात तो फारसे खात नाही. ज्याला भूक नाही त्याला आमिष दाखवून काय उपयोग? तरीही तो अधूनमधून गळाला तोंड घालतो. रागाने, सवयीने की जुन्या आठवणीने, यावर तेथील गळवाल्यांचे आजतागायत एकमत झालेले नाही.

या माशासाठी वापरतात ती ‘माशी’ ही खरी माशी नव्हे. पक्ष्याचे पीस, जनावराची लव, रेशमी दोरा आणि चकचकीत तार गळाभोवती गुंडाळून बनविलेली ती एक वस्तू असते. तिला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती फेकायची कला उलटी आहे. साध्या गळाचे वजन दोरीला ओढून नेते. येथे जाड दोरीचेच वजन माशीला नेते, आणि ते वजन हवेत उलगडण्यासाठी काठीला नेमक्या क्षणी नेमका झोक द्यावा लागतो. मोठ्या पात्रावर दोन हातांनी धरायची लांब काठी वापरतात. स्कॉटलंडमधील स्पे नदीवर जन्मलेली फेकण्याची पद्धत त्यासाठी रूढ आहे. मनुष्य मांडीभर पाण्यात उभा राहतो, प्रवाहाच्या तिरप्या दिशेने दोरी टाकतो, माशी धारेबरोबर कमानीत फिरून काठाशी येईपर्यंत वाट पाहतो, दोन पावले खाली सरकतो आणि पुन्हा टाकतो. असा दिवस जातो. पुष्कळदा दिवस रिकामा जातो. ‘हजार फेकींचा मासा’ असे त्याचे टोपणनाव पडले आहे ते उगीच नव्हे.

या सगळ्यात मासा हाती लागण्याला महत्त्व आहे, पण त्याहून अधिक महत्त्व पाणी वाचण्याला आहे. कोणत्या दगडामागे धार मंदावते, पाणी किती गार आहे, काल रात्रीच्या पावसाने किती गढूळले आहे, हे ज्याला कळत नाही त्याची हजारावी फेकही वाया जाते. म्हणूनच त्या नद्यांची दैनंदिनी वर्षानुवर्षे कोणी ठेवली असेल तर ती या लोकांनी. ओरेगॉन राज्यातील नॉर्थ अम्पक्वा नदीचा सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा केवळ माशीच्या गळासाठी राखून ठेवलेला आहे. ब्रिटिश कोलंबियात कॅम्पबेल नदीकाठी रॉडरिक हेग-ब्राउन (१९०८–१९७६) हे गृहस्थ राहत. व्यवसायाने ते दंडाधिकारी होते, छंदाने गळवाले आणि लेखक. बटल सरोवर धरणाने फुगविण्याच्या योजनेविरुद्ध त्यांनी १९५० च्या दशकात जो लढा दिला तो ते हरले. पण धरण बांधण्यापूर्वी माशाचे काय होणार हा प्रश्न विचारलाच पाहिजे, ही जाणीव त्या प्रांतात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

छंदाला पैशाची जोड मिळाली ती कायद्याने. अमेरिकेने १९५० साली एक कायदा करून मासेमारीच्या काठ्या, रिळे, कृत्रिम आमिषे यांवर उत्पादकाच्या पातळीवर १० टक्के कर बसविला. ही रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना वाटली जाते, आणि वाटपाचे सूत्र राज्याचे क्षेत्रफळ व परवानाधारक गळवाल्यांची संख्या यांवर ठरते. गळवाले जितके अधिक, तितका नदीसाठी पैसा अधिक. ज्याला नदीचा आनंद हवा त्याने नदीचा खर्च उचलावा, इतके साधे तत्त्व. पण आपल्याकडच्या किती करांना ते लावता येईल, याचा हिशेब करण्यासारखा आहे.

मात्र हे चित्र पुरे करायचे तर त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इतकी जागरूकता असूनही स्टीलहेड वाचला, असे म्हणता येत नाही. कोलंबिया नदीवर १९४२ मध्ये पुरे झालेल्या ग्रँड कूली धरणात माशांना वर चढण्यासाठी वाटच ठेवली नव्हती. त्याच्या वरचे सारे पाणी समुद्रातून येणाऱ्या माशांना कायमचे बंद झाले. तिची उपनदी स्नेक. तिच्यातील स्टीलहेड १९९७ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला. नुकसानभरपाई म्हणून सरकारांनी मत्स्यबीज केंद्रे काढली, आणि दरवर्षी लक्षावधी पिले नद्यांत सोडली. ओळखीसाठी त्यांच्या पाठीवरचा शेपटाजवळचा लहानसा मांसल पर कापतात. पर कापलेला मासा घरी नेता येतो, अखंड पराचा मासा सोडून द्यावा लागतो. युक्ती चांगली होती. पण ओरेगॉनमधील हूड नदीवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, बंदिस्त टाक्यांत वाढलेल्या प्रत्येक पिढीगणिक, नदीत जाऊन संतती टिकविण्याची स्टीलहेडची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. कारखाना मासा निर्माण करू शकतो. मात्र नदीत जगण्याचे कसब निर्माण करू शकत नाही. याउलट वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरची दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, तेव्हा स्टीलहेड वरच्या पाण्यात आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, परत आला.

लोणावळ्याचा महासीर

हे सारे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्याकडे समुद्रातून नदीत चढणारा मासा म्हणजे पाला, बंगाल्यांचा इलिश. १९७५ साली फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यावर वरच्या गंगेतून तो कसा नाहीसा होत गेला, हे सर्वश्रुत आहे. पण पाला हा जाळ्याचा मासा. गळवाल्यांच्या दृष्टीने स्टीलहेडच्या पंक्तीला बसण्याचा मान भारतात महासीराचा. तो समुद्र पाहत नाही. परंतु पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वरच्या, स्वच्छ, खडीच्या ओढ्यांत अंडी घालतो. धरण आडवे आले की त्याचीही वाट तशीच अडते.

दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. त्याचे ‘टॉर खुद्री’ हे नाव आजही चालते. आज त्याच पाण्यात पुण्याच्या खाली कोणी महासीर शोधू लागला तर त्याला लोक हसतील. १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहून साहेब लोकांना या माशाचे वेड लावले. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर काढला. साहेब काठी धरी आणि स्थानिक भोई त्याच्यासाठी डोह दाखवी, आमिष मळी, मासा काठाला आणी. पुस्तकात नाव साहेबाचे राही, ज्ञान भोयाचे असे. हा असमान व्यवहार या छंदाच्या भारतीय इतिहासातून पुसता येणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात महासीर कमी होऊ लागला तेव्हा त्याला वाचविण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, याचा अभिमान वाटावा. लोणावळ्याच्या वळवण जलाशयाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी महासीराचे बीजकेंद्र उभारले. राज्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी या माशाच्या प्रजननाचा केलेला अभ्यास त्याच्या मुळाशी होता. पक्व मादीची अंडी हाताने काढून फळविणे, तीन-चार दिवसांत फुटणारी ती जड, पिवळसर अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत सांभाळणे, हे तंत्र तेथे सिद्ध झाले. फळलेली अंडी दूरच्या प्रांतांत पाठविण्याची त्यांची रीत खामगावकरांनी ऐकण्याजोगी आहे: पाण्याच्या पिपांऐवजी ओल्या कापसात. ज्या गावाने कापसाच्या गाठी आगगाडीने जगभर धाडल्या, त्या गावाला कापसाचा हा उपयोग कधी सुचला नसेल.

त्या कापसातून आणि पुढे पिलांच्या रूपाने लोणावळ्याचा महासीर अनेक राज्यांत पोहोचला. २०२० पर्यंत टॉर खुद्री हा आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘चिंतेचे कारण अत्यल्प’ या वर्गात आला. येथे गोष्ट संपती तर ती सुखान्त ठरली असती.

परंतु कावेरीत महासीराची एक वेगळी, पाठीवर उंचवटा असलेली, नारिंगी परांची जात होती. थॉमस आणि व्हॅन इंगेन यांच्या कथांतला राक्षसी मासा तो हाच. लोणावळ्याहून आलेला निळ्या परांचा महासीर कावेरीत सोडला गेला, तो तेथे फोफावला, आणि मूळचा मासा झपाट्याने घटला. २०१८ मध्ये त्याला ‘टॉर रेमादेवी’ हे निश्चित शास्त्रीय नाव मिळाले आणि त्याच वर्षी ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्काही. ज्या जातीला शतकभर सारे जग ओळखत होते तिला नाव मिळाले तेव्हा तिच्या मृत्युलेखाची तयारी सुरू झाली होती. वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि धरणे यांचाही यात वाटा आहे. सारा दोष बाहेरून आणलेल्या माशावर टाकणे न्याय्य होणार नाही. तथापि सद्हेतूने सोडलेले बीजही नदीचे नुकसान करू शकते, हा जो धडा हूड नदीने दिला, तोच कावेरीने दिला.

हे उघडकीस कोणी आणले? सरकारी खात्याने नव्हे. कावेरीकाठच्या गळवाल्यांच्या छावणीत १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदवह्यांनी. सुमारे साडेतेवीस हजार तासांची मासेमारी, सहा हजारांवर महासीर, प्रत्येकाचे वजन आणि रंग, आणि प्रत्येक मासा पुन्हा पाण्यात. अभ्यासकांनी या वह्या तपासल्या तेव्हा दिसले की, पकडलेल्या माशांची संख्या वाढत होती, म्हणजे वरवर पाहता सारे आलबेल होते; पण निळ्या पराचे लहान मासे वाढत होते आणि उंचवट्याच्या जातीची नवी पिढी येणेच थांबत चालले होते. केवळ एकूण आकडा पाहणारा शास्त्रज्ञ फसला असता. सरासरी आणि एकूण यांवर विसंबणाऱ्या आपल्या नियोजनकारांनी ही वही जरूर चाळावी.

आणि याच छावण्या २०१२ साली बंद झाल्या. अभयारण्यातील पाण्यात मासा पकडणे, मग तो सोडून दिला तरी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अर्थाने शिकारच होय, अशी भूमिका घेण्यात आली. कायद्याच्या शब्दांत ती बसते. पण त्या छावण्यांत पूर्वी सुरुंगाने मासे मारणारे कित्येक स्थानिक लोक वाटाडे व राखणदार म्हणून पगारावर होते. राखणदार गेले, नदी मात्र तिथेच राहिली. सुरुंगवालेही तिथेच राहिले. तेथील अनेक अभ्यासकांनी या निर्णयाविषयी चिंता व्यक्त केली, ती अनाठायी म्हणता येत नाही.

दोन आक्षेप

या छंदाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला दयेचा. केवळ मौजेसाठी मुक्या जीवाच्या तोंडात गळ अडकवायचा आणि वर ‘सोडून दिला’ म्हणून पुण्य पदरात बांधायचे, हे आपल्या भूमीच्या संस्कारांना रुचणारे नाही. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून महासीर राखले जातात. तेथे कोणी काठी घेऊन जात नाही, चुरमुरे घेऊन जातात. गळाला उलटा काटा न ठेवणे, मासा पाण्याबाहेर न काढणे, कोरड्या हातांनी न धरणे असे नियम गळवाल्यांनी स्वतःवर घालून घेतले आहेत; त्यांनी इजा कमी होते, नाहीशी होत नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, आणि ते आहे असा आव आणू नये. पण एक फरक ध्यानात घ्यावा. देवाचा डोह डोहापुरता मासा राखतो. वरून पाणी येईनासे झाले तर भाविक हात जोडतो. गळवाला मात्र पाटबंधारे कचेरीत जाऊन भांडतो.

दुसरा आक्षेप वर्गाचा. हा छंद पैसेवाल्यांचा आहे; नदी त्यांच्या हवाली करायची म्हणजे भोयाला काठावरून उठवायचे. धोका खरा आहे, आणि जगात तसे घडलेही आहे. एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली मांडलेला सिद्धान्त असा की, जे मत्स्यक्षेत्र सर्वांचे असते ते कोणाचेच नसते आणि म्हणून ते उजाड होते. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की, काठावरच्या लोकांनी स्वतः नियम करून राखलेली सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकू शकते. त्यांना २००९ चे नोबेल मिळाले ते याच कार्यासाठी. तेव्हा गळवाला आणि भोई यांतून एकाची निवड करण्याचे कारण नाही. नदीकाठी ज्याचे पोट आहे त्याच्या हाती राखण, आणि ज्याची हौस आहे त्याच्या खिशातून राखणीचा खर्च, अशी वाटणी शक्य आहे. कावेरीवर ती काही वर्षे चाललीही.

पूर्णेच्या काठी

वऱ्हाडात याचा काय संबंध, असे कोणी विचारील. येथे ना स्टीलहेड, ना महासीराचे शौकीन. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना येरळीच्या पुलावरून उन्हाळ्यात खाली पाहिले तर पूर्णेत मासा कुठे राहत असेल, हाच प्रश्न पडतो. पात्र आहे, वाळूचे खड्डे आहेत, मधूनमधून डबकी आहेत. नदी सलग राहिलेली नाही. सातपुड्यातून वान येते, अजिंठ्याच्या डोंगरातून ज्ञानगंगा व नळगंगा येतात. प्रत्येकीवर वर धरण आहे, आणि धरणाखाली पावसाळा सोडला तर बहुधा कोरडे पात्र. ही धरणे नकोत असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. ज्ञानगंगेचे गेरू माटरगावचे धरण नसते तर खामगाव तहानलेले राहिले असते, आणि खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको.

प्रश्न आहे तो पाण्याच्या हिशेबाचा. वानच्या पाण्यावर तेल्हाऱ्याच्या शेतीचा हक्क किती आणि गावांचा-शहरांचा पिण्याचा हक्क किती, यावर मागे मोठे वाद झडले. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त होते. त्या वादात वान नदीचे म्हणून एक घागरभर पाणी कोणी मागितले नाही. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या पर्यावरणीय गरजेसाठी प्रवाहाचा काही भाग बाजूला ठेवावा असे लिहिले आहे. परंतु नीतीतले वाक्य मागणीदार असल्याशिवाय धरणाच्या दरवाजापर्यंत येत नाही.

हा मागणीदार आपल्याकडे खरोखर आहे. तो म्हणजे मच्छीमार सहकारी संस्था. जलाशयाचा ठेका घ्यावा, कतला-रोहूचे बोटुकले सोडावे, मासे काढून विकावे, एवढेच काम आपण तिला दिले आहे. धरणाच्या भिंतीखाली तिचा संबंध संपतो. लोणावळ्याचे आणि हूड नदीचे अनुभव पाहता बीज सोडणे म्हणजे मत्स्यविकास हे समीकरण आता सोडून दिले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या मरळ, वाम, शिंगटा या मूळच्या माशांना बोटुकल्यांची गरज नाही. त्यांना मे महिन्यात न आटणारे डोह हवेत, आणि पावसाच्या पहिल्या पाण्याबरोबर चढायला मोकळी वाट हवी. कोणता डोह आटत नाही, कोणत्या वळणावर मासा अंडी घालतो, हे भोयांच्या जुन्या पिढीला तोंडपाठ होते. ते लिहून घेतलेले नाही, आणि सांगणारी माणसे कमी होत आहेत.

यासाठी फार मोठा खर्च लागेल असेही नाही. प्रत्येक धरणाखाली दोन-तीन डोह निश्चित करावेत. त्यांतून वाळू काढू नये, मोटार लावू नये, आणि सुरुंग वा विष टाकणाऱ्यावर १८९७ सालापासून जो कायदा आहे तो वापरावा. डोहाची राखण संस्थेकडे द्यावी आणि ठेक्याच्या रकमेतून तेवढी सूट तिला मिळावी. पवईच्या तलावावर गळवाल्यांची संस्था वर्षानुवर्षे चालू शकते, तर हौशी मंडळींनी शुल्क भरून, भोयाला वाटाड्या घेऊन, अभयारण्याबाहेरच्या अशा डोहांवर गळ टाकायला कोणाची हरकत असू नये. तेही पकडलेल्या प्रत्येक माशाची नोंद संस्थेच्या वहीत करण्याच्या अटीवर. दहा वर्षांनी ती वही पूर्णेविषयी असे काही सांगेल, जे आज कोणत्याही कचेरीत उपलब्ध नाही.

पावसाळा सरला की पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक भरते. पिण्याचे पाणी इतके, रब्बीचे इतके, उन्हाळी पाळ्या इतक्या, बाष्पीभवन इतके, असा तक्ता तेथे मांडला जातो. उन्हाने उडून जाणाऱ्या पाण्यालासुद्धा त्यात एक रकाना आहे. यंदाच्या बैठकीत मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाला एक खुर्ची द्यावी आणि त्या तक्त्यात धरणाखालच्या डोहांसाठी आणखी एक रकाना आखावा. आरंभी त्यात कितीही लहान आकडा भरला तरी चालेल.